चिमणीची वामकुक्षी

प्रिय अप्पा,

चिमणी उभी आहे. गेल्या रविवारी तुम्ही हे वहिनीला विचारलंत, मला नाही, म्हणून उत्तर थेट तुम्हालाच देते. उभी आहे. वरचे तिन्ही लोखंडी पट्टे जागेवर आहेत, वीज जमिनीत उतरवणारी तार शाबूत आहे, आणि दुसऱ्या पट्ट्याखालची ती भेग, जिला तुम्ही म्हातारीची सुरकुती म्हणायचात, केसभरही वाढलेली नाही. मी मोजली. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात तिचा निकाल आहे : ठेवायची की पाडायची. पाडायची ठरली तर आधी भोवतालच्या शेडी जातील, मग ती, आणि मोकळ्या जागेवर गोदाम येईल. एवढं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. बाकीचं वर्तमानपत्रात नाही.

वहिनी असंही म्हणाली की तुम्ही दादाच्या घरी सहाव्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहिलात की ती मागून तुमचा सदरा धरून ठेवते. चिमणीच्या माथ्याशी, बेचाळीस मीटरवर, एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने बिडी पेटवणाऱ्या माणसाचा सदरा. मी फोनवर हसले नाही. ठेवल्यावर हसले.

मी गेले सहा आठवडे आपल्या घरी राहते आहे. यायचं दोन दिवसांसाठी होतं. गेल्या वर्षी ठरल्याप्रमाणे वर्षभराने चिमणी पुन्हा मोजायची, अंतिम अहवाल द्यायचा आणि परत जायचं. किल्ली फोरमनबाईंकडे होती. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली नाही, दाराच्या उंबऱ्यावर ठेवली, आणि म्हणाल्या, घर तुझ्या बापाचं आहे म्हणून देते, तू आमची आहेस म्हणून नाही. मग दोन पावलं जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, नळाला पाणी सकाळी सहालाच येतं, लोळत पडू नकोस. त्यांचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. रंगकाम खात्यात त्यांच्या हाताखाली चाळीस बायका होत्या, आणि खातं बंद होऊन अकरा वर्षं झाली तरी त्या चाळीस अजून हाताखालीच आहेत.

तुम्ही गेलात तेव्हा खापरांच्या टेकडीला नुकता हात लागला होता. तिथून सांगते. साठ वर्षं आपल्या कपबशांच्या कारखान्यात जो कप तडकला, जी बशी वाकडी निघाली, ती मागच्या अंगणात फेकली गेली. त्याची ती टेकडी. कारखाना बंद पडल्यावर यंत्रं गेली, दारं गेली, खिडक्यांच्या काचासुद्धा गेल्या, पण टेकडी कोणी नेली नाही, कारण फुटक्या बशीला जगात गिऱ्हाईक नाही. बायकांनी नेमकं तेच हेरलं. फाटकापासून रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या चारशे मीटरच्या भिंतीवर त्यांनी त्या खापऱ्या बसवायला घेतल्या. नियम एकच : घरटी एक मीटर, आणि दुसऱ्याच्या मीटरमध्ये कोणी नाक खुपसायचं नाही. नाक सगळेच खुपसतात. आज तीनशे बारा मीटर झाली आहेत. ज्या घरातला माणूस कानांचं काम करायचा, म्हणजे कपांचे कान जोडायचा, त्यांच्या मीटरमध्ये नुसते कान आहेत, चौदाशे. मला ते आवडेल असं वाटलं नव्हतं. सकाळी तिरपं ऊन आलं की प्रत्येक कानाची सावली पडते आणि भिंत काहीतरी ऐकते आहे असं दिसतं.

आधी जी बस फाटकापाशी वेग वाढवायची ती आता थांबते. न्हाव्याने दुकान उघडलं. शनिवारी संध्याकाळी मोठ्या भट्टीच्या पोटात गाणं असायचं. आत आवाज चार सेकंद घुमतो, तोही मी मोजला. हिशेबखात्यातला तो निवृत्त कारकून रोज फाटकापाशी येऊन म्हणतो की मेलेल्या कारखान्याला पावडर लावताय. फोरमनबाईंनी त्याला कपाळ पुसून ओला हात दाखवला आणि म्हणाल्या, मेलेल्याला घाम येत नाही हो, हा बघा. आता त्याचंही एक मीटर आहे. सगळ्या भिंतीत सर्वांत सरळ रांगा त्याच्याच आहेत.

गाणं असायचं, असं लिहिलं, कारण मोठी भट्टी, लहान भट्टी आणि रंगाची शेड, तिन्ही माझ्या दोरीच्या आत येतात. गेल्या वर्षीच्या सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मीच ती आखली होती. चिमणी धोकादायक ठरली, म्हणजे तिच्या उंचीच्या दीडपट अंतरात कोणी जायचं नाही. बेचाळीस गुणिले दीड, त्रेसष्ट मीटर. मी टेप धरून, चुन्याची फक्की टाकत पूर्ण वर्तुळ मारलं आणि त्यावर दोरी ताणली. बायका हात बांधून बघत होत्या. त्यांपैकी एक म्हणाली की हिच्याकडे सगळी यंत्रं आहेत, फक्त आईबाप नाहीत. आई नाही हे खरंच होतं. मी फक्की संपेपर्यंत मान वर केली नाही. तुम्ही त्यानंतर आठवड्याने दादाकडे गेलात.

सहा आठवड्यांपूर्वी परत आले तेव्हा ते वर्तुळ पुसलं गेलं असेल अशी माझी कल्पना होती. अप्पा, त्यांनी ते पक्कं केलं आहे. माझ्या फक्कीच्या रेघेवर, पूर्ण परिघावर, तीनशे शहाण्णव मीटर, पांढऱ्या खापऱ्यांची एक वीतभर पट्टी. पावसाने धुऊन गेली असती तुझी रेघ, फोरमनबाई म्हणाल्या, मग आम्हाला कळलं कसं असतं कुठे मरायचं नाही ते? आणि रेघेच्या बाहेरची जागा त्यांनी एका फुटाचीही सोडलेली नाही. बाक, टेबलं, मुलांना माती शिकवायची जागा, सगळं रेघेला पाठ टेकून. वर्षभर भट्ट्या रेघेआड असल्यामुळे नवं काही भाजता आलं नाही, तर कच्च्या मातीच्या तीनशे फरश्या वाळवून, कापडात गुंडाळून, रचून ठेवल्या आहेत. चिमणी सुटली तर त्या भाजायच्या. पाडली तर? मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही पाहायचात, मी शिडी न धरता उभी राहिले की.

आता मोजणीचं. पोचले त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास मी यंत्र लावलं. गेल्या वर्षीच्या माझ्या अहवालात लिहिलं होतं की दोन वर्षांत चिमणीचा माथा पूर्वेकडे पंचवीस मिलिमीटर सरकला. झुकाव चालू आहे. अशा बांधकामाचा भरवसा देता येत नाही. या वेळी माझा अंदाज पस्तीस-चाळीसचा होता. यंत्राने नऊ दाखवलं. मी यंत्र तपासलं. तिवई हलवून दुसरीकडे लावली. पुन्हा नऊ. झुकलेली चिमणी आणखी झुकू शकते, पडू शकते, पण ती सोळा मिलिमीटर परत उभी राहत नाही. मला राग आला. मोजमाप चुकलं की येतो, तसला. त्या रात्री मी जुने दोन्ही तक्ते समोर ठेवून बसले आणि पहिल्यांदाच सर्वांत वरची ओळ वाचली. तीन वर्षांपूर्वीची पहिली मोजणी, जी त्या म्हाताऱ्या मोजणीदाराने केली होती आणि जिच्यासाठी तुम्ही त्याची पट्टी धरून उभे होता : वेळ पहाटे पाच पन्नास. माझी : दुपारी तीन दहा. तापमानाचा रकाना मी रिकामा सोडला होता. त्या नमुन्यात तो ऐच्छिक आहे.

तरीही मला लगेच कळलं असं लिहिणार नाही. शंका आली होती, एवढंच. बाकीचं काम काजळीने केलं. बायकांना भिंतीसाठी काळा रंग हवा होता, आणि बाजारातला काळा त्यांना पसंत नव्हता. आमच्या चिमणीत साठ वर्षांचा काळा पडलाय, तो सोडून विकतचा आणू? असं म्हणून फोरमनबाई एका सकाळी घमेलं आणि खराटा घेऊन माझ्या देखत पांढरी रेघ ओलांडून गेल्या. मी ओरडले. त्यांनी मागे न बघता हात हलवला. नियमाप्रमाणे मी त्यांना बाहेर काढायला हवं होतं, म्हणून मीही आत गेले. चिमणीच्या खालच्या दारातून वाकून शिरले तर त्या गुडघ्यावर बसून जमीन झाडत होत्या, आणि म्हणाल्या, इकडे ये गं, इथे जमिनीला देवी आल्या आहेत, हे वण बघ.

मधोमध जमिनीत बसवलेला तुमचा पितळी पत्रा होता. मी पदराने, म्हणजे त्यांच्या पदराने, तो पुसला. माझ्या ओढणीला त्यांनी हात लावू दिला नाही, म्हणाल्या, काजळी निघत नाही, माझं लुगडं तसंही मेलंय. पत्र्यावर पोलादी पंचाने ठोकून मारलेले ठिपके. मी मोजले : एकतीस. सगळे एका जागी, इतके दाटीने की वर सदऱ्याचं बटण ठेवलं तर झाकले जावेत. एकतीस वर्षं, दर वर्षी भट्टी थंड करायच्या आठवड्यात, वरच्या कडीतून ओळंबा सोडून, त्याच्या टोकाखाली एक ठिपका. त्यातले शेवटचे दहा कारखाना बंद पडल्यानंतरचे असणार. भट्टी नव्हती, पगार नव्हता, फाटकाला कुलूप होतं. तुम्ही कुठून शिरायचात ते फोरमनबाईंनी मला दाखवलं. ओळंब्याची तार अजून तिथेच भिंतीच्या खिळ्याला गुंडाळलेली आहे, तेल लावून. आणि बटणापासून दूर, पूर्वेला, एकटा एक ठिपका. बत्तिसावा. मी पट्टी लावली. पंचवीस मिलिमीटर. त्याच्याखाली खिळ्याने ओढलेली छोटी आडवी रेघ.

त्या ठिपक्याकडे मी परत येईन.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपासून मी यंत्राशी उभी राहिले आणि अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने माथा मोजला. यंत्रावर ऊन पडलं तर तेही चुकतं, म्हणून छत्री धरायला माणूस लागतो. मी एकाला विचारलं, आल्या अकरा जणी. त्यांनी पाळ्या लावल्या, आपसात भांडून. दहानंतर रेघेबाहेरच्या बाकांवर गर्दी जमली. कारकून घड्याळ घेऊन बसला. मी आकडा वाचला की तो मोठ्याने सांगायचा आणि मागून कोणी ना कोणी ओरडायचं, डुलली, डुलली! साडेबाराला नऊ मिलिमीटर. दीड वाजता सतरा. साडेतीनला सव्वीस, आणि न्हावी म्हणाला, आता घोरेल बघा. मग ती परतू लागली. संध्याकाळी सातला चौदा होती, आणि दुसऱ्या पहाटे पावणेसहाला शून्य. त्यानंतर आभाळ भरलेल्या एका दिवशी मी पुन्हा मोजलं : दिवसभरात तीन मिलिमीटर. सकाळचं ऊन कोवळं, रात्रीची गार वीट त्याला दाद देत नाही; दुपारच्या उन्हाने पश्चिमेची बाजू तापते, विटा फुगतात, ती बाजू किंचित लांब होते, आणि माथा पूर्वेला कलतो. ऊन उतरलं की सरळ. मी गणित मांडलं. गणित चोवीस सांगतं, यंत्र सव्वीस सांगतं, आणि तुमचा पत्रा पंचवीस. एवढं एकमत आपल्या घरात कधी झालेलं मला आठवत नाही.

चिमणी वामकुक्षी घेते. सगळा गाव साठ वर्षं हेच म्हणत होता. जेवणाची शिट्टी झाली की ती जरा आडवी होते, दुपारी तिला मोजू नये, झोपलेल्या माणसाची उंची घेतात का. मी हे वाक्य चालायला लागायच्या आधीपासून ऐकत आले आणि शिकून आल्यावर त्याला गंमत म्हणू लागले. ती मोजणीची सूचना होती.

मी ऑफिसात साहेबांना फोन केला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाले, पुरवणी टिपण दे. 'अधिक निरीक्षणांती असे आढळते की' अशी सुरुवात कर. आधीचा अहवाल चुकला असं कुठेही लिहू नकोस, चूक हा शब्द अहवालात नसतो. मी म्हटलं, मग सभागृहात दोन अहवाल समोरासमोर राहतील, एक पाडा म्हणणारा आणि एक कुंथणारा, आणि गोदामवाले पहिला उचलतील. ते म्हणाले, ते आपण बघायचं नाही. तू अजून लहान आहेस, एकदा चुकलेली म्हणून नाव पडलं की ते जन्मभर उचलता येत नाही, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. मी म्हटलं, साहेब, माझं नाव पडलं तर त्याखाली कोणी सापडणार नाही. शुक्रवारी मी राजीनामा दिला, कारण नोकरीत राहून त्यांच्या परवानगीशिवाय सुनावणीत बोलता येत नाही. रागाच्या भरात दिला नाही. आधी कलम वाचलं.

नवा अहवाल नऊ पानांचा आहे. पहिल्या पानावर पहिलं वाक्य : मागील वर्षीचा अहवाल चुकीचा असून ती चूक माझी आहे. कारण : वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन मोजण्यांची मी तुलना केली. फोरमनबाईंनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं, टेबलाभोवती सगळ्या असताना. मग जिने मागे आईबापांवरून टोमणा मारला होता ती उठली, माझ्यासमोर मातीचा गोळा आपटला आणि म्हणाली, बसलीच आहेस तर फरशी थाप, फुकट चहा पितेस रोज. मी अकरा थापल्या. सात वाकड्या आहेत.

गोदामवाल्यांचा माणूस परवा येऊन गेला. नीटनेटका, मृदू बोलणारा. भिंतीची स्तुती केली, हवं तर भिंतीचे फोटो त्यांच्या नव्या फाटकावर लावू म्हणाला. फोरमनबाईंनी त्याला एक फुटका कप दिला, धरायला कान नसलेला, त्यात काठोकाठ गरम चहा. त्याला तो धरताही येईना आणि ठेवताही येईना. त्या म्हणाल्या, सोमवारी या, सबंध कपात देऊ. या बायकांना मी वर्षभर धोक्याच्या रेघेबाहेर ठेवलं, आणि त्यांनी त्या रेघेलाच नक्षी केली. मी आता त्यांच्याच बाजूला उभी आहे, दया येऊन नव्हे. आकडे त्यांच्या बाजूला आहेत. आकडे नसते तरी उभी राहिले असते की नाही, हे मला माहीत नाही. तो प्रश्न मी स्वतःला विचारते आहे, हे तुम्हाला सांगते आहे एवढंच.

आता गेल्या वर्षीच्या सुनावणीचं. इतका वेळ मी तिला वळसा घालत होते. तुम्ही मागच्या रांगेतून उठलात. इस्त्रीचा सदरा होता, तो मी ओळखला. तुम्ही म्हणालात, ती दुपारी कलते आणि रात्रीत सरळ होते, मी तिला एकतीस वर्षं पाहतोय. लोक हसले. अध्यक्षांनी विचारलं, तुमच्याकडे नोंदी आहेत का? तुम्ही म्हणालात, आहेत. कुठे आहेत? तुम्ही म्हणालात, जमिनीत. तेव्हा सभागृह जे हसलं ते मला अजून ऐकू येतं. चार सेकंदांपेक्षा जास्त घुमलं ते. मग अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं की यांच्या म्हणण्याला काही तांत्रिक आधार आहे का. मी उभी राहिले. मी म्हणाले, नाही, ह्या गृहस्थांच्या म्हणण्याला तांत्रिक आधार नाही.

ह्या गृहस्थांच्या. मी हा शब्द निवडला होता, अप्पा, तो तोंडातून निसटला नव्हता. नातं उघड झालं तर अहवालाचं वजन जाईल, असं माझं तर्कशास्त्र होतं. तुम्ही खाली बसलात. घरी आल्यावर एवढंच विचारलंत, भात गरम करू का. आठ दिवसांनी दादाकडे निघालात, एक पिशवी घेऊन. जमिनीत म्हणजे कुठे, हे मी तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही मला दहा मिनिटांत नेऊन दाखवलं असतं. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दाखवायला तुम्हाला माझीच दोरी ओलांडावी लागली असती.

आणि बत्तिसावा ठिपका. तो मी ओळखायला तीन दिवस घेतले. मी नऊ वर्षांची होते, सुट्टी होती, आईने तुमचा डबा घेऊन पाठवलं होतं, आणि तीन वाजेपर्यंत मी तिथेच रेंगाळले होते. मला आठवत होता तो आतला गारवा, वर आभाळाचा रुपयाएवढा तुकडा, आणि तुमचा हात माझ्या हातावर, पंच सरळ धरायला. हातोडी मी मारली. त्याचा आवाज वरपर्यंत गेला आणि परत आला. तुम्ही काय म्हणालात ते मात्र मी विसरले होते, आणि आता ते अक्षरशः ऐकू येतं : बघ, सकाळी मी मारला तो इथे, आणि तुझा तिथे. दोन्ही खरे. तुझ्या वेळी ती झोपली होती. मग तुम्ही माझ्या ठिपक्याखाली खिळ्याने आडवी रेघ ओढलीत, झोपलेली दाखवायला. तीच चूक मी वीस वर्षांनी महागडं यंत्र लावून पुन्हा केली, फक्त या वेळी शेजारी रेघ ओढणारं कोणी नव्हतं. होतं, मी त्याला खाली बसवलं.

हे पत्र कशासाठी, ते आता. सोमवारी गोदामवाले विचारणार की हे ठिपके कशावरून जुने, कोणी मारले, कालच मारले नसतील कशावरून. मी काही सांगितलं तर ते ऐकीव धरतील. ज्याने मारले त्यानेच सांगायला हवं, तेव्हा साक्षीदार म्हणून तुम्ही लागता. पण तेवढंच असतं तर मी नोटीस पाठवली असती, तिचा छापील नमुना माझ्याकडे आहे. अध्यक्ष या वेळीही मला विचारतील की हे कोण. त्याचं उत्तर मला द्यायचं आहे, उभं राहून, माइकमध्ये, तुम्ही पहिल्या रांगेत बसलेले असताना. त्याआधी एक काम. पत्र्यावर गेल्या वर्षीचा ठिपका नाही, तो माझ्या दोरीमुळे राहिला आणि आता भरता येणार नाही. या वर्षीचा येईल. तुमची हत्यारांची पेटी मी उघडली : ओळंबा आहे, हातोडी आहे, पंच नाही. एका पिशवीत मावेल तेवढंच घेऊन गेलात, आणि त्यात पंच नेलात. नवा पंच बाजारात मिळतो, मी आणलेला नाही. शनिवारची शेवटची बस आता फाटकापाशी थांबते. दादाला सांगितलं आहे, तो तुम्हाला बसवून देईल, वहिनीला सदरा सोडायला सांगा. रविवारी पहाटे साडेपाचला तार सोडलेली असेल, दाराला पोती लावलेली असतील, वारा आत येणार नाही. ओळंबा थांबेपर्यंत अर्धा तास लागतो आणि तेवढा वेळ श्वास दुसरीकडे सोडायचा, हे मला आता आठवतंय.

दोनदा दुपारी मोजणारी,
तुमचीच
धाकटी